परदेशातलं एक सेमिस्टर कारणी कसं लावायचं

माझ्याकडे येणाऱ्या एक्स्चेंजच्या, म्हणजे विद्यापीठांमधल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं: 'माझी क्षितिजं रुंदावण्यासाठी मला परदेशात शिकायचं आहे.' मी त्याखाली पेन्सिलने रेघ मारते आणि समासात लिहिते, 'कुठली?' मुलं आधी चिडतात. मग समोरासमोर बसून बोललो की खरं कारण बाहेर पडतं. कुणाला एखाद्या विशिष्ट प्रयोगशाळेत काम करायचं असतं, कुणाला घरापासून लांब एकटं राहून बघायचं असतं, कुणाला नुसतं हिंडायचं असतं. तिन्ही कारणं चालतात. फक्त प्रत्येकाची तयारी वेगळी असते आणि ती कारण कबूल केल्याशिवाय सुरूच होत नाही.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते आणि आमच्या विभागाची एक्स्चेंज समन्वयक आहे. बाहेर जाणाऱ्यांची फाइल माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. विद्यार्थी असताना मी स्वतः नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला एक सेमिस्टर काढलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून माझं एक मत पक्कं झालंय: परदेशात शिकण्याचा फायदा भरपूर होतो, पण विमानात बसल्याने होत नाही. जाण्याआधी तो नेमका कुठे शोधायचा हे ठरवावं लागतं.

आधी एक प्रश्न हातात घ्या

माझ्यापुरतं सांगते. पूररक्षक बांध किती उंच बांधायचा, हे आम्ही विद्यार्थी संहितेतल्या तक्त्यावरून काढायचो. अमुक प्रकारचं बांधकाम, तमुक वर्षांतून एकदा येणारा पूर, त्यावरून पाण्याची पातळी, वर थोडी जास्तीची उंची. झालं गणित. डेल्फ्टला गटात काम करताना मी असाच एक आकडा मांडला, तर शेजारच्या मुलाने विचारलं, 'हा कुणी ठरवला?' मला वाटलं, त्याला संदर्भ हवाय. मी कलम दाखवलं. त्याने नकारार्थी मान हलवली. एवढा धोका चालेल आणि याहून जास्त चालणार नाही, हे कोणी आणि कशाच्या जोरावर ठरवलं, हे त्याला हवं होतं.

त्या मुलांच्या डोक्यात हा प्रश्न येण्यामागे इतिहास आहे. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळी भरतीने नैर्ऋत्य नेदरलँड्समधले बांध फोडले आणि तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी गणितज्ञ डाव्हिड व्हान डान्त्झिख यांनी बांधाच्या उंचीकडे पैशाचा प्रश्न म्हणून पाहिलं: बांध आणखी थोडा उंच करायला किती खर्च येईल आणि न केल्यास संभाव्य नुकसान किती, या दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कुठे होते? त्यांचा हा निबंध १९५६ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला. पुढे मध्य हॉलंडसाठी वर्षाला १०,००० मध्ये १ इतकाच धोका मान्य, असं मानक ठरलं. म्हणजे जो आकडा मी तक्त्यातून उचलत होते, त्याच्या मागे एका समाजाने उघडपणे केलेली घासाघीस होती. हे मला घरी बसून वाचता आलं असतं का? आलं असतं. वाचलं असतं का? नाही. कारण तो प्रश्न आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

परदेशात शिकण्याची किंमत माझ्या लेखी इथे वसूल होते. आपल्या विषयातल्या ज्या गोष्टी आपण न विचारता धरून चालतो, त्या दुसरीकडच्या वर्गात कुणीतरी धरून चालत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या विषयातला एक प्रश्न कागदावर लिहा, ज्याचं उत्तर दुसऱ्या देशात वेगळं दिलं जातं. न्यायालयांच्या पूर्वनिर्णयांवर चालणारा कायदा शिकत असाल, तर फ्रान्स किंवा जर्मनीसारख्या, संहितेपासून सुरुवात करणाऱ्या देशात बसून पाहा. एकाच खटल्याची मांडणी उलट्या टोकाकडून होताना दिसेल. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला आइसलंडमध्ये थिंगव्हेट्लिरला उत्तर अमेरिकन आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून सरकण्याने पडलेल्या भेगांतून चालता येतं. नगररचना शिकणाऱ्याने सायकलींसाठी उट्रेख्ट किंवा रेल्वेसाठी टोकियो निवडलं, तर मला कारण विचारावं लागत नाही.

प्रश्न सुचतच नसेल, तर तुमच्या सर्वांत आवडत्या शिक्षकांकडे जा आणि विचारा, 'या विषयात तुमच्याशी सर्वांत जास्त मतभेद कुठल्या विद्यापीठातल्या लोकांचे आहेत?' तिकडे अर्ज करा.

विद्यापीठ निवडताना

क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा. त्या याद्यांत संशोधनाला मोठं वजन असतं. तुम्हाला मात्र तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसायचंय. त्याऐवजी यजमान विद्यापीठाची अभ्यासक्रम-पुस्तिका उघडा आणि तीन गोष्टी पाहा: तुम्हाला हवा असलेला विषय नेमका त्याच सेमिस्टरला शिकवला जातो का, एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना तो खुला आहे का, आणि कोणत्या भाषेत आहे. इथे बरेच जण फसतात. विषय पुस्तिकेत असतो, पण एक वर्षाआड चालतो.

मग तारखा. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतरही होतात. ऑस्ट्रेलियात शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलमध्ये. तुमच्या विद्यापीठाचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल, तर जर्मनीतली हिवाळी परीक्षा आणि तुमचे पहिले काही आठवडे एकमेकांवर चढणार. यावर तोडगा निघतो, म्हणजे परीक्षा लवकर घेण्याची विनंती करता येते किंवा परतल्यावर उशिरा वर्गात बसण्याची परवानगी मिळते, पण ती परवानगी जाण्याआधी लेखी घ्यायची.

भाषेबद्दल थोडक्यात. आयेल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन बसू नका. शिक्षण इंग्रजीतून असलं तरी स्थानिक भाषा ए-२ पातळीपर्यंत शिकून जा. युरोपच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवरची ही दुसरी पायरी. एवढ्यात तत्त्वज्ञानाची चर्चा होत नाही, पण दवाखान्यात काय दुखतंय ते सांगता येतं आणि घरमालकाची नोटीस वाचता येते. शिवाय गटातली मुलं आपापसात बोलताना विषय कुठे चाललाय एवढं कळतं. डच मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलायची, आणि कॉफी प्यायला उठली की दरवाजापाशी पोचेपर्यंत डचमध्ये शिरलेली असायची.

कागद: इथे वेळ घालवा

इटलीच्या सोफिया कोरादी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि १९५८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतल्या. त्यांच्या विद्यापीठाने त्या शिक्षणाला मान्यता नाकारली. कोलंबियाची पदवी हातात असून घरच्या पदवीच्या हिशेबात ती शून्य! पुढे त्यांनी कित्येक वर्षं याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला आणि युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाणीची इरास्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले; आजवर या योजनेतून गेलेल्यांचा एकूण आकडा कोटीच्या पुढे आहे. इटलीत त्यांना 'मम्मा इरास्मस' म्हणतात. मी ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगते, कारण त्यानंतर फॉर्म भरायला सांगितला की कुणी कुरकुर करत नाही.

तो फॉर्म म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. डाव्या बाजूला तुम्ही तिथे घेणार ते विषय, उजव्या बाजूला त्यांच्या बदल्यात घरच्या विद्यापीठात माफ होणारे विषय, खाली तीन सह्या: तुमची, आमची, त्यांची. तिन्ही सह्या झाल्याशिवाय तिकीट काढू नका. तिथे पोचल्यावर विषय बदलावे लागतात, हे जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. वेळापत्रकं एकमेकांवर येतात, वर्ग भरलेले असतात. बदल झाला की त्याच आठवड्यात बदलाचा भाग भरून पाठवा. 'परत आल्यावर बघू' असं तुम्हाला कुणी तोंडी सांगितलं, अगदी मी जरी सांगितलं, तरी त्यावर विसंबू नका. पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरं कुणी असू शकतं.

क्रेडिटचा हिशेब बहुतेकांना अवघड वाटतो, तसा तो नाही. युरोपीय ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, म्हणजे सेमिस्टरचे ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम. त्यात वर्ग, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं आलं. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० असतात, म्हणजे तिथले दोन बरोबर युरोपचा एक. अमेरिकेत वर्षाला साधारण ३०, म्हणजे तिथला एक बरोबर युरोपचे दोन. तुमच्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असेल तर 'पूर्ण वर्षाचं काम किती क्रेडिटचं' एवढं विचारा आणि त्रैराशिक मांडा.

गुणांचं रूपांतर मात्र खरंच त्रासदायक आहे, आणि इथे चांगल्या मुलांचं नुकसान होताना मी पाहिलंय. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात. १० ला पास, १४ ला 'चांगला' शेरा, १६ ला 'फार चांगला'. १८ किंवा १९ क्वचितच कुणाला मिळतात. आता एखादी मुलगी १४ घेऊन परत आली. कारकुनाने १४ भागिले २० केलं आणि ७० टक्के लिहिले, तर फ्रेंच वर्गातली पुढच्या रांगेतली विद्यार्थिनी घरच्या गुणपत्रिकेत मधल्या घोळक्यात गेली. जर्मनीत वापरलं जाणारं सूत्र तरी काय करतं? सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा, भागिले सर्वोच्च वजा पासाचे गुण, गुणिले ३, अधिक १. आपल्या १४ साठी: २० वजा १४ म्हणजे ६, भागिले १०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.८. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० ला पास, त्यामुळे २.८ म्हणजे 'समाधानकारक'. फ्रान्समध्ये 'चांगला' असलेला निकाल सरहद्द ओलांडताना एक पायरी खाली घसरला. सूत्र गणिताच्या दृष्टीने बिनचूक आहे. फक्त ते वरचे गुण प्रत्यक्षात कुणाला मिळतच नाहीत, हे सूत्राला माहीत नाही.

उपाय असा: यजमान विद्यापीठाकडून त्या विषयाची किंवा विभागाची गुणवितरणाची सारणी मागून घ्या. किती टक्के विद्यार्थ्यांना कोणता दर्जा मिळाला, हे त्यात असतं, आणि ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेतही रूपांतरासाठी हाच मार्ग सांगितलेला आहे. नेदरलँड्समध्ये १० पैकी ८ म्हणजे उत्तम आणि ९ दुर्मीळ. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे प्रथम श्रेणी. इटलीत ३० पैकी १८ ला पास. ही सारणी जोडलेली फाइल आली, तर मला न्याय करता येतो. नाही आली तर मीही भागाकारच करणार.

आणखी एक. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस, तासांसकट आणि वाचनयादीसकट, पीडीएफ करून स्वतःजवळ ठेवा. संकेतस्थळं दर वर्षी बदलतात आणि जुनं पान सापडत नाही. नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या अर्जात पाच वर्षांनीही कुणीतरी ते मागतं.

पैसे आणि व्हिसा

एक्स्चेंजचा मोठा फायदा हा की करारातल्या जागेवर गेलात, तर शुल्क घरच्या विद्यापीठालाच भरायचं असतं. राहणं, खाणं, विमा आणि प्रवास तुमचा. स्वतंत्रपणे प्रवेश घेऊन जाणाऱ्यांनी 'तिकडे शिक्षण फुकट आहे' या ऐकीव माहितीवर जाऊ नये. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये शुल्क लावलं. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं अजून शुल्क घेत नाहीत, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. शिवाय जर्मन व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला ठरावीक तेवढेच काढता येतात.

शिष्यवृत्त्यांपैकी जर्मनीची डाड, अमेरिकेची फुलब्राइट, जपान सरकारची मेक्स्ट आणि पदव्युत्तरांसाठी इरास्मस मुंडुस या चारांपासून शोध सुरू करा. इरास्मस मुंडुसमध्ये महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि अभ्यासक्रम किमान दोन देशांत फिरतो. अर्जातलं निवेदन लिहिताना पहिल्या भागातला तो प्रश्न इथे वापरा. निवड समितीसमोरही क्षितिजांचे ढीग पडलेले असतात.

कामाचे तास देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. मर्यादा ओलांडली तर व्हिसावर येतं, आणि ते प्रकरण समन्वयकाच्या हातात राहत नाही. अमेरिकेच्या जे-१ या एक्स्चेंजसाठीच्या व्हिसावर सरकारी पैशाने गेलेल्यांना पुढे काही प्रकारच्या व्हिसांआधी दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. सही करण्याआधी आपल्या कागदावर ती आहे का ते बघा.

पोचल्यावर

पहिले आठवडे नोंदण्यांत जातात. जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत. बँक, फोन, विमा, सगळं त्या एका नोंदणीवर अडलेलं असतं. त्यामुळे घर भाड्याने घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा, 'या पत्त्यावर नोंदणी करता येईल का' हा असावा. नाही म्हणणारं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

मग मन खाली बसतं. साधारण दुसऱ्या महिन्यात. नॉर्वेचे स्वेरे लिसगार यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये दाखवलं की मनःस्थिती आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जाते. नंतरच्या संशोधकांनी या वळणावर बऱ्याच शंका काढल्या आणि सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. पण माझ्या टेबलावर 'मला परत यायचंय' असे मेल ज्या काळात येतात, तो काळ बहुतेक तोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आठवडाभर घरी रोज फोन करू नका, आणि आठवड्यात अशी एक ठरलेली वेळ ठेवा जिथे तुम्ही नाही आलात तर कुणाच्या तरी लक्षात येईल. गाण्याचा गट, फुटबॉल, सायकल दुरुस्तीची स्वयंसेवी, काहीही. फक्त 'कधीतरी भेटू' या प्रकारातलं नको. हे करून दोन-तीन आठवड्यांनीही उठवत नसेल, जेवण जात नसेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. ती सोय तुमच्यासाठीही आहे.

आपल्या देशाच्या मुलांबरोबर राहायचं की नाही, यावर लोक फार कडक सल्ले देतात. मला ते पटत नाहीत. आजारपणात आपल्या भाषेतला माणूस लागतो. मात्र गटकाम त्यांच्याबरोबर घेऊ नका. शिकणं गटकामातच होतं: कोण वेळेवर येतं, 'नाही' कसं म्हणतात, काम न करणाऱ्याला तोंडावर कोण सांगतं. आणि शिक्षकांच्या भेटीच्या वेळा वापरा. अनेक देशांत त्या वेळी शिक्षक रिकामे बसलेले असतात आणि एक्स्चेंजची मुलं संकोचाने जात नाहीत. काही तरी बुद्धिमान विचारायला हवं असं नाही. 'माझ्याकडे हा भाग वेगळ्या पद्धतीने शिकवतात' एवढं म्हणालात की पुढचं ते बोलतात.

फिरणं

फिरायला मी कधीच नाही म्हणत नाही. पण दर शनिवार-रविवारी एक राजधानी, असा कार्यक्रम आखणारी मुलं सोमवारी वर्गात झोपतात आणि कुठल्या शहरात काय पाहिलं ते त्यांना फोटो बघून सांगावं लागतं. माझा आग्रह असा: निम्मं फिरणं तरी त्या प्रश्नाच्या मागे जावं.

मी झीलंड प्रांतातल्या आउवेरकेर्कला गेले होते. १९५३ मध्ये फुटलेल्या बांधाचं शेवटचं खिंडार नोव्हेंबरमध्ये तिथे बुजवलं. त्यासाठी चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बुडवल्या, महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरती बंदरं उभारायला वापरलेल्या जातीच्या. आज त्या चार पेट्यांच्या पोटात पुराचं संग्रहालय आहे. आत थंडी असते, काँक्रीटचा ओलसर वास येतो, आणि आपण ज्या भिंतीला हात लावतो तीच भिंत तेव्हा पाणी अडवत होती. दुसरी जागा हूक व्हान हॉलंडजवळची, १९९७ मध्ये पूर्ण झालेली मास्लांट भरतीरोधक दारं. प्रत्येक दार २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, नेहमी किनाऱ्यावरच्या गोदीत विसावलेलं. पाणी तीन मीटरच्या वर चढणार असा अंदाज आला की संगणक ती बंद करतो. वर्षातून एकदा, सहसा सप्टेंबरमध्ये, चाचणीसाठी ती मिटवतात आणि लोक बघायला जमतात. मी किनाऱ्यावर उभी राहून ती इतक्या सावकाश सरकताना पाहिली की शेजारचं लहान मूल कंटाळून गवतावर लोळायला लागलं. मी हलले नाही. १०,००० मध्ये १ हा आकडा मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते.

प्रत्येक विषयाला अशा जागा असतात. तिथल्या शिक्षकांना विचारलंत तर पर्यटनाच्या पुस्तकात नसलेल्या चार सांगतील, कदाचित आत जायची परवानगीही मिळवून देतील.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यातल्या एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास-परवाना असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं रोमिंग तिथे बरेचदा महाग पडतं. रेल्वेने नुसते आरपार जात असाल तरी डेटा बंद ठेवा. युरोपात रीतसर राहत असाल, तर तुम्हाला रेल्वेचा पर्यटकांसाठीचा युरेल पास लागत नाही, रहिवाशांचा इंटररेल मिळतो आणि २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो. पॅरिसचं लूव्र संग्रहालय युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलंड, लिश्टेनश्टाइन) राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना विनामूल्य आहे. इथे नागरिकत्व बघत नाहीत, राहणं बघतात, म्हणून निवास-परवाना खिशात हवा.

पूर्ण सेमिस्टर जमत नसेल तर

घरची जबाबदारी असते, पैसे नसतात, नोकरी असते. अमेरिकेतून परदेशी शिकायला गेलेली पहिली अधिकृत तुकडी म्हणून जिचं नाव घेतात, ती डेलावेअर विद्यापीठाची १९२३ सालची: आठ विद्यार्थी बोटीने फ्रान्सला गेले आणि वर्षभर राहिले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आता युरोपात ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन असे मिश्र अभ्यासक्रम आहेत, त्यांना किमान तीन ईसीटीएस क्रेडिट मिळतात. उन्हाळी शाळा आहेत. दोन देशांतल्या वर्गांनी एकाच प्रकल्पावर ऑनलाइन काम करायची पद्धतही रुळलीय. यात एकटं राहण्याचा अनुभव मिळत नाही, हे खरं. पण 'हा कुणी ठरवला?' असं विचारणारा माणूस पडद्यावरही भेटू शकतो.

निघताना आणि परतल्यावर

निघण्याच्या आधीच्या महिन्यात पालिकेतल्या पत्त्याच्या नोंदणीतून नाव काढून घ्या, नाहीतर परतल्यावरही विम्याची आणि करांची पत्रं त्या पत्त्यावर जात राहतात. घराची अनामत परत यायला वेळ लागतो, म्हणून बँक खातं ती जमा झाल्यावरच बंद करा. खोलीचे फोटो पहिल्या दिवशी काढले असतील तर शेवटच्या दिवशी वाद होत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथली अधिकृत गुणपत्रिका, कोणत्या पत्त्यावर आणि साधारण कधी येणार, हे तिथल्या कार्यालयातून लेखी घ्या.

परतल्यावर काही आठवडे सगळं संथ आणि अरुंद वाटेल. तुमच्याकडे सांगायला खूप असेल आणि ऐकणारे पाचव्या मिनिटाला विषय बदलतील. लिसगार यांच्या वळणाला पुढे १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने परतल्यानंतरची दुसरी घसरण जोडली, ती याचसाठी. यावर मला एकच औषध माहीत आहे: ते सगळं कुठल्यातरी कामात ओता. प्रबंधाचा विषय तिथल्या प्रश्नावरून घ्या. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांबरोबर त्यांचं लर्निंग ॲग्रीमेंट भरायला बसा. त्यांना घराची, विषयांची, परीक्षेची जी माहिती तुमच्याकडून मिळेल ती माझ्याकडे नाही.

आणि तिथल्या ज्या शिक्षकांच्या वर्गात तुम्ही बोललात, त्यांना परतल्याच्या पहिल्या दोन महिन्यांत मेल लिहा. आभाराचा नको; त्यांच्या विषयावर तुम्ही सध्या काय करताय त्याचा, चार ओळींचा. शिफारसपत्राची गरज साधारण दीड-दोन वर्षांनी पडते आणि तोवर त्यांच्या वर्गातून आणखी कित्येक एक्स्चेंजची मुलं येऊन गेलेली असतात. मेलमध्ये विषयाचं नाव, सेमिस्टर आणि तुमच्या प्रकल्पाचं शीर्षक लिहायला विसरू नका.